फरक कशाने पडला

११ सप्टेंबर १९७८
हॅल्व्हर मिल्स, विस्कॉन्सिन

वॉरेन,

पार्सल मिळालं. डॅग्नीच्या नावाने होतं, पण फोडलं मी. वर तुझ्या कंपनीचं छापील नाव होतं, मला वाटलं जाहिरात असेल. आत दोन रंगवलेले डबे, मेण लावलेली दोरी, एक पुस्तिका आणि एक चिठ्ठी निघाली. 'प्रिय बालमित्रा, तुझा आवाज जगाला ऐकायचा आहे.' खाली तुझी सही. बोट ओलं करून मी सहीवरून फिरवलं. शाई पसरली नाही. म्हणजे तीही छापलेलीच.

तुझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला नाव आहे. ते माझ्या आजीचं आहे, आणि ठेवायचा हट्ट तुझा होता.

तू मार्चमध्ये कॅलिफोर्नियाला गेलास. ईस्टरच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हापासून डॅग्नी वर्गात बोलत नाही. हजेरीला हात वर करते, बाकी काही नाही. घरी कामापुरतं बोलते. दूध संपलं. हो. नाही. हे मी तुला जूनमध्ये वकिलाच्या कचेरीत सांगितलं होतं, तेव्हा तू म्हणालास, 'मी काहीतरी पाठवतो.' मी वाट बघत होते ती पत्राची. किंवा विमानाच्या तिकिटाची. हे येईल असं खरंच वाटलं नव्हतं.

पुस्तिका मी नीट वाचली. त्यात लिहिलंय की हा खेळ कोणतीही प्रौढ व्यक्ती घेऊ शकते, रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. मी अडतीस वर्षांची आहे, मतदान करते, गाडी चालवते. मी त्यात बसत असावे. म्हणून मी घेतला. मी स्वयंपाकघरात, ती जिन्याच्या पायरीवर. पुस्तिकेतले प्रश्न जसेच्या तसे विचारले. आज आकाशाचा रंग कोणता आहे? तुझ्या बुटांना बोलता आलं असतं तर ते काय म्हणाले असते? तिने डबा कानाला लावला, डॉक्टरांकडे तोंडात थर्मामीटर धरून बसावं तशी बसली, आणि दहा मिनिटं झाल्यावर डबा ओट्यावर ठेवून म्हणाली, 'झालं?'

तीन आठवडे रोज हेच. 'झालं?'

बूट काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. पण ते मुलांच्या पुस्तिकेत छापता येणार नाही.

वर्ना


१९ ऑक्टोबर

वॉरेन,

तू फोन केलास. डॅग्नीने रिसीव्हर कानाला लावून ठेवला आणि तू बोलत होतास तेवढा वेळ नुसती उभी राहिली. मग तो मला दिला. तू मला विचारलंस की मी तो खेळ मनापासून घेतला का.

मी पुस्तिका परत चाळली. 'मनापासून' हा शब्द कुठेही नाही. खोकल्याचं औषध नर्सने रागात दिलं म्हणून खोकला थांबायचा राहतो का? राहत असेल, तर खोकला थांबवणारं औषध नव्हतंच, नर्स होती. हे मी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. तुला शिकवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पण खरं तर एकदा आली होती. आपण अजून त्या रेल्वेलाइनजवळच्या घरात राहत होतो. डॅग्नी चार वर्षांची होती, पाहुण्यांपुढे तोंड उघडायची नाही, आणि तू तिच्यासाठी सूपचे दोन डबे दोरीने जोडलेस. तू गॅरेजमध्ये, ती मागच्या दारात. डब्यात तोंड घालून ती जी सुटली ती सुटलीच. शेजारच्या कुत्र्याबद्दल, तिच्या गुडघ्याबद्दल, देवाला दाढी कुठून आली याबद्दल. तू त्या रात्री जेवताना म्हणालास की लाजाळू मुलांना समोरचा चेहरा घाबरवतो, डबा चेहरा लपवतो, म्हणून ती बोलतात. कल्पना चांगली होती. अजूनही मी तिला वाईट म्हणत नाही. कल्पना चांगली असणं हा काही तिचा पुरावा नव्हे, एवढंच.

मग तू शाळेतली न बोलणारी मुलं निवडलीस, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेस. एका गटाला डब्यांचा फोन, दुसऱ्याला सोंगट्यांचा खेळ. इथवर सगळं ठीक होतं. मी भांडी विसळत होते, तू पुसत होतास, आणि मी विचारलं, 'डबेवाल्यांबरोबर कोण बसणार?' तू म्हणालास, 'मी.' मी विचारलं, 'आणि सोंगटीवाल्यांबरोबर?' तू म्हणालास, 'लोइस.'

मी म्हणाले, 'मग फरक पडला, तर तो डब्याने पडला की तुझ्याने, हे कसं कळणार?'

तू म्हणालास, 'लोइस चांगली मुलगी आहे.'

तुझी मदतनीस लोइस प्रिंगल चांगलीच होती. तिने तुझी सगळी फाइल व्यवस्थित ठेवली. पण तिला मुलं आवडत नव्हती, आणि मुलांना ते दारातूनच कळायचं. ती खोकल्याच्या गोळ्या चघळत, घड्याळ बघत, सोंगट्या मांडायची. आणि पलीकडच्या खोलीत तू गालिच्यावर आडवा पडून, डब्यात माकडाचा आवाज काढत होतास. तुझ्या खोलीतली मुलं बोलायला लागली. लोइसच्या खोलीतली नाही लागली. तू लिहिलंस: डब्यांच्या फोनमुळे.

तो लेख माझ्याकडे आहे. शेवटी आभारांत माझं नाव आहे, 'टंकलेखनासाठी'. आकडेमोड माझी होती, तिचा उल्लेख नाही. आता वाटतं, बरं झालं.

परवा वर्गात मी तुझं नाव न घेता हा प्रयोग फळ्यावर मांडला आणि चूक शोधायला सांगितली. कर्टिस म्हणून एक थोराड मुलगा आहे, शेतावरून येतो, बुटांना शेण असतं. तो म्हणाला, 'मॅडम, सोपं आहे. दोन्ही माणसांना दोन्ही कामं करायला लावा.' बाकीचे हसले, कारण त्यांना ते फारच सोपं वाटलं.

तर ते मी करणार आहे. टॉर्गसनबाईंनी, म्हणजे डॅग्नीच्या मुख्याध्यापिकेने, परवानगी दिली आहे. डॅग्नी त्यात नसेल. तुला आधी कळवते आहे, नंतर 'पाठीमागून केलं' म्हणायला नको.

वर्ना


२७ जानेवारी १९७९

वॉरेन,

तळघरातला पाइप गोठलाय, बाहेर बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आलंय, आणि माझ्याकडे निकाल आहेत. आधी पद्धत सांगते. निकालावर भांडण्याआधी तू पद्धतीवर भांड, म्हणजे माझा वेळ वाचेल.

दोन शाळांमधली मुलं घेतली, शिक्षकांच्या मते वर्गात जवळजवळ न बोलणारी. टॉर्गसनबाईंनी त्यांच्या हिवाळी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. चार वाटण्या झाल्या. खेळ घेणारे दोघे होते. एक कर्टिस. दुसरा त्याच्याच वर्गातला फिलिप, जो अतिशय सज्जन आहे आणि मुलांशी बोलताना बँकेत आल्यासारखा बोलतो. कर्टिसने काही मुलांबरोबर डब्यांचा फोन खेळला आणि काहींबरोबर नुसत्या सोंगट्या. फिलिपनेही तसंच. डबे तुझेच, पेटीतले. प्रश्न तुझ्याच पुस्तिकेतले. वर्गात कोण किती बोलतं ते मोजायला शिक्षिका होत्या, आणि कोणतं मूल कोणत्या वाटणीत आहे हे त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. एकीने मला विचारलंही, 'बाई, निदान माझ्या वर्गातल्यांचं तरी सांगा.' मी नाही सांगितलं. ती अजून माझ्यावर रुसलेली आहे.

आता निकाल. डबे असोत नसोत, फरक शून्याच्या इतका जवळ आहे की तो योगायोग म्हणूनही लहानच आहे. कर्टिसकडची मुलं बोलायला लागली, डब्यात बोलणारीही आणि सोंगट्या खेळणारीही. फिलिपकडची होती तिथेच राहिली. कर्टिसकडचा एक मुलगा त्याच्या गाडीमागे पार्किंगपर्यंत पळत गेला आणि त्याच्या गायींची नावं विचारत राहिला. त्या मुलाला सोंगट्या मिळाल्या होत्या.

मला काय म्हणता येत नाही तेही लिहिते, कारण तू ते शोधणारच. कर्टिस आणि फिलिप ही दोन माणसं आहेत. दोन माणसांवरून 'माणसांचा परिणाम' असं मोठं काही सिद्ध होत नाही. कर्टिसमध्ये नेमकं काय आहे, मला माहीत नाही. त्याचा आवाज असेल, तो जमिनीवर बसतो ते असेल, त्याला उत्तराची घाई नसते ते असेल. ते शोधायला अजून एक प्रयोग हवा. पण डब्याबद्दल मी बोलू शकते. डब्यात काही नाही.

वॉरेन, हे पुढचं मी तीनदा लिहून खोडलं.

तुझ्या पहिल्या प्रयोगात मुलं खरंच बोलायला लागली होती. ते खोटं नव्हतं. मी ते आकडे स्वतः तपासले होते. फक्त ते डब्यामुळे नव्हतं. ते तुझ्यामुळे होतं. तू खोलीत आलास की मुलं बोलतात, हे मी लग्नाआधीपासून बघत आले. बस थांब्यावर, चर्चच्या सहभोजनात, माझ्या बहिणीच्या घरी. ज्याला हे जमतं त्याने ते पेटीत भरून विकायला काढलं, आणि पेटीत भरताना नेमकं तेच बाहेर राहिलं. अर्ध्या देशातल्या शाळांत आज लोइससारख्या बायका तुझे डबे कानाला लावून बसल्या आहेत, आणि समोरची मुलं गप्प आहेत, आणि त्या बायकांना वाटतंय की आपलं किंवा मुलाचंच काही चुकतंय.

दुसरा कोणी हे वाचून सुखावला असता. एखाद्याला सांगावं की तुझ्या यंत्रात काही नव्हतं, जे होतं ते तुझ्यात होतं. तू सुखावणार नाहीस हेही मला माहीत आहे. यंत्र पोस्टाने पाठवता येतं. स्वतःला यावं लागतं.

वर्ना


३ मार्च

वॉरेन,

तुझ्या कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं, आणि दुसऱ्या दिवशी तुझं. वकिलांचं पत्र जास्त आपुलकीचं होतं.

तू लिहितोस की माझा प्रयोग लहान आहे. तुझा याहून लहान होता. तू लिहितोस की माझ्या मुलांनी पुस्तिकेप्रमाणे केलं नसेल. मी दाराच्या काचेतून बघत होते, त्यांनी शब्द न शब्द वाचला, बुटांचासुद्धा. आणि मग तू लिहितोस की सोडून दिलेल्या बायकोकडून आलेले निष्कर्ष कोण गंभीरपणे घेईल.

चिठ्ठ्यांना माहीत नव्हतं, वॉरेन, की मी सोडून दिलेली बायको आहे. टोपीत हात घातला टॉर्गसनबाईंनी. मोजलं शिक्षिकांनी. मी इतकी चिडलेली आहे हे मला माहीत होतं म्हणूनच सगळं असं बांधलं, की माझी चीड कुठूनही आत शिरू नये. तुझ्या प्रयोगात तुझी आशा शिरू नये म्हणून तू काय केलं होतंस?

लेख छापायला पाठवला आहे. मागे घेणार नाही.

आता डॅग्नी. तू एप्रिलमध्ये मिल्वॉकीला शिक्षकांच्या अधिवेशनात भाषणाला येणार आहेस, आणि तिला भेटायचं म्हणतोस. मी नाही म्हणणार होते. टॉर्गसनबाईंशी बोलले. त्या मला म्हणाल्या, 'बाई, रागवू नका. तुम्ही तिच्याकडे बघता ना, तसं मी परीक्षेच्या पेपराकडे बघते.' मी रागावले. ती घरात किती शब्द बोलते याच्या खुणा मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर करत होते, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. तुलाही सांगायचं नव्हतं. कॅलेंडर काढून टाकलंय. त्याने काही फरक पडला का, ते विचारू नकोस, कारण आता मोजायला कोणी नाही.

मी डॅग्नीला विचारलं, बाबाला भेटायचंय का. तिने मान हलवली नाही, ती सरळ उठली आणि तिचे चांगले बूट दारात आणून ठेवले. फेब्रुवारीत. ते अजून तिथेच आहेत.

ये. दुपार तिच्याबरोबर घालव. एकच अट आहे. डबे आणायचे नाहीत.

वर्ना


२२ एप्रिल

वॉरेन,

तू काल फोनवर म्हणालास की मी कृतघ्न आहे आणि मला तुझं ते भाषण बघवलं नाही. त्यातलं दुसरं खरं आहे. तुला जे दिसलं नाही ते सांगते, कारण तू व्यासपीठावर होतास आणि मी शेवटच्या रांगेत.

मी तिला अकरा वाजता तुझ्या हॉटेलच्या दालनात सोडलं. तू गुडघ्यावर बसलास. मी गाडीतून बघत होते. तू काही विचारलं नाहीस, तिच्या बुटाच्या बंदाशी काहीतरी करत बसलास, आणि ती बोलायला लागली. काचेतून आवाज येत नव्हता, पण तिचे हात दिसत होते. ती बोलताना दोन्ही हात हलवते, हे मी विसरले होते. मी पार्किंगमध्ये गाडी लावून रडले. तुझ्यासाठी नाही. हे लिहायचं कारण एवढंच की संध्याकाळी जे झालं त्याआधी दुपारी काय होतं हे तुलाही माहीत असावं. दुपारी डबे नव्हते. तू अट पाळली होतीस. सहा तास ती तुझ्याशी बोलली. तलावावर, मग त्या पॅनकेकच्या हॉटेलात, मग परत येताना. हे सगळं तूच मला नंतर हॉटेलच्या दारात सांगितलंस, किती खुशीत सांगितलंस. आणि मग म्हणालास, 'तिला भाषण ऐकायचंय. तूही ये.'

मी तिच्याकडे बघितलं. तिने होकाराची मान हलवली. मी आले.

सभागृह भरलेलं होतं. समोर तुझ्या कंपनीची पाटी, रंगीत डब्यांचा मनोरा. तू चांगला बोललास, तू नेहमीच चांगला बोलतोस. त्या बायका, ज्या दिवसभर चाळीस मुलांचा गोंधळ सोसतात, त्या पुढे झुकून ऐकत होत्या. आणि मग तू म्हणालास की हल्ली कोणी कोणी म्हणतात या पद्धतीत काही नाही. 'कोणी कोणी.' माझ्याकडे बघितलं नाहीस, तेवढी लाज होती. मग म्हणालास, 'माझी स्वतःची मुलगी एक वर्ष बोलली नाही. ती आज इथे आहे.' आणि हात पुढे केलास.

ती पहिल्या रांगेत बसली होती, मला वाटलं जवळून दिसावं म्हणून. ती उठली. मी उभी राहिले, पण मधे सगळ्यांचे गुडघे होते. मी रांगेच्या टोकाशी पोचेपर्यंत ती वर गेली होती, खुर्चीवर बसली होती, तिच्या हातात डबा होता. तू माइकजवळ गेलास, लोकांना तुझा चेहरा दिसावा म्हणून थोडा वळलास, आणि डब्यात बोललास. तिला आवडतं काय ते विचारलंस. ती म्हणाली, 'दालचिनी घातलेला टोस्ट.' सगळा हॉल हळवा झाला. तू विचारलंस, 'आता बोलायची भीती वाटते?' ती म्हणाली, 'नाही.'

माझ्या शेजारची एक म्हातारी शिक्षिका डोळे पुसत होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, 'बघितलंस ना, बाई? माझ्या वर्गातही एक आहे. सोमवारीच ही पेटी मागवते.' मी तिला काय सांगणार होते? माझा लेख अजून छापलेला नाही. आणि छापला तरी तो या एका पोरीपुढे, या टोस्टपुढे, कुठे टिकणार आहे? एक डोळ्यांनी बघितलेलं मूल असलं की आकड्यांकडे कोण बघतं. हे तू मला शिकवलंस, आणि त्या संध्याकाळपर्यंत मला वाटत होतं की मी ते मुलांना शिकवते.

पुढचं तुला माहीत नाही.

आम्ही गाडीत बसलो. मी काही विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलं होतं. महामार्गावर लागलो, शहराचे दिवे मागे गेले. ती खिडकीकडे तोंड करून होती. मला वाटलं झोपली. मग ती म्हणाली, 'दोरी सैल होती.'

मी म्हणाले, 'कुठली दोरी?'

'डब्याची. बाबा माइककडे गेला ना, मग दोरी खाली लोंबली. सैल असली की त्यातून काही येत नाही. ताठ धरावी लागते.'

मी विचारलं, 'मग तू उत्तरं कशी दिलीस?'

'तो बोलतो तेव्हा मला कळतं. मी त्याच्याकडे बघत होते.'

ती परत खिडकीकडे वळली. आणि काच धुरकट करून त्यावर बोट फिरवत म्हणाली, 'त्याला सांगू नकोस. सगळे टाळ्या वाजवत होते.'

मी म्हणाले, नाही सांगणार. मी तिला शब्द दिला आणि आज तो मोडते आहे. दुसरं कोणी तुला हे सांगू शकत नाही, आणि मी आयुष्यात बांधलेल्या कुठल्याही प्रयोगापेक्षा हे स्वच्छ आहे. हे मी लेखात घालणार नाही. ती तिची गोष्ट आहे, आणि तिच्यावर कोणी टाळ्या वाजवाव्यात असं मला पुन्हा कधीच वाटणार नाही.

सोमवारी ती शाळेत गेली. वर्गात कोणीतरी वडिलांनी आणलेलं वर्तमानपत्र दाखवलं, त्यात तिचा डबा धरलेला फोटो होता. बाईंनी कौतुकाने तिला उभं केलं आणि म्हणाल्या, आता आम्हालाही काहीतरी सांग. ती उभी राहिली. तास संपेपर्यंत उभी राहिली. टॉर्गसनबाईंनी मला बोलावून घेतलं तेव्हा ती त्यांच्या कचेरीत बाकावर बसली होती, आणि मी आले हे बघून तिने दप्तर उचललं, इतकंच. तेव्हापासून घरीही दूध संपल्याचं सांगत नाही. रिकामी बाटली ओट्यावर ठेवते.

तू म्हणशील, बघ, मी होतो तेव्हा ती बोलली, गेलो तेव्हा गप्प झाली, म्हणजे माझी गरज आहे, मी मधूनमधून येत जाईन. नको. औषध द्यायचं, काढून घ्यायचं, परत द्यायचं आणि परिणाम येतो-जातो का ते बघायचं, ही पद्धत मीही शिकवते. ती प्रयोगशाळेत कबुतरांवर वापरतात. तू दोनदा काढून घेतलंस. मला आणखी पुरावा नको आहे. यायचं असेल तर राहायला ये. या गावात, दुसऱ्या घरात, माझं तोंड न बघता, पण रोज. नाही जमणार, तर तसं तिला तू सांग, तुझ्या हाताने लिहून, तिचं नाव घालून.

वर्षभरात तिने शाळेत, घरात किती काय गिळलं, आपल्याला कधी कळणार नाही. 'त्याला सांगू नकोस' हे जे तिने न विचारता, स्वतःहून, माझ्याकडे सोडलं, ते तुला वाईट वाटू नये म्हणून होतं. याचा अर्थ लावायला दुसरा गट लागत नाही, वॉरेन. तुझा तू लाव.

वर्ना